डोंगरधारेवरच्या पक्क्या वाटेनं सहकुटुंब भटकंती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धारेच्या माथ्यावरून जाणारी डांबरी किंवा काँक्रीटची वाट लहान मुलं, आजी-आजोबा आणि बाबागाडी यांना एकत्र घेऊन चालायला फार सोयीची. पाऊल कुठे टाकायचं याची चिंता नाही, चुकामूक होण्याची भीती कमी, आणि दोन्ही बाजूंना दऱ्या उघड्या. मात्र वाट पक्की असली तरी वर हवा डोंगराचीच असते. अशा सहली बिघडतात त्या बहुतेक ऊन, वारा आणि परतीचा चढ यांच्यामुळे. म्हणून खालच्या उत्तरांत याच तीन गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

पक्की वाट म्हणजे सपाट वाट का?

नाही. धार म्हटली की टेकाडं आणि खिंडी आल्याच. शिवाय अशा कित्येक वाटा मुळात मनोऱ्याकडे किंवा पाण्याच्या टाकीकडे गाड्या नेण्यासाठी बांधलेल्या असतात, त्यामुळे चढ इंजिनाच्या हिशोबानं दिलेला असतो, चार वर्षांच्या मुलाच्या नाही.

नकाशावर सुरुवात आणि शेवट यांच्या उंचीतला फरक बघून फसू नका. समजा वाट ८०० मीटरवर सुरू होते, ८२० मीटरवर संपते आणि मध्ये तीस-तीस मीटर खोल अशा तीन खिंडी आहेत. फरक दिसतो २० मीटरचा, पण जाताना चढावे लागतात ११० मीटर आणि येताना ९०. म्हणजे दिवसभरात २०० मीटर. तेव्हा ‘एकूण चढाई’ हा आकडा शोधा. तो कुठे दिलेला नसेल तर नकाशावरच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) मोजून काढा.

तीव्रता काढणं सोपं आहे: १०० मीटर चालण्यात ५ मीटर चढलात तर ५ टक्के. एवढा चढ सगळ्यांना झेपतो. ८ टक्क्यांवर बाबागाडी ढकलणाऱ्याला धाप लागते. १० ते १२ टक्क्यांचा लांबलचक उतार असेल तर गुडघे दुखणाऱ्यांनी दुसरी वाट शोधावी.

सुरुवात कोणत्या टोकापासून करावी?

नियोजनातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, आणि नेमका तोच गाडी लावायला जागा कुठे आहे यावरून आपोआप होऊन जातो. धारेवर गाडीतळ बऱ्याचदा सगळ्यात उंच जागी असतो. मग पहिला तास उतारावर मजेत जातो, मुलं पळत सुटतात, ठरवल्यापेक्षा लांब जाणं होतं, आणि दमल्यावर ऐन उन्हात चढ समोर उभा राहतो.

दोन टोकांपैकी निवड करता येत असेल तर खालच्या टोकापासून निघा. गाडीतळ मध्येच असेल तर आधी चढाच्या बाजूला जा. चढ दोन्हीकडे सारखाच असेल तर वाऱ्याकडे तोंड करून निघा, म्हणजे येताना वारा पाठीवर राहील. वरच्या टोकापासूनच निघावं लागत असेल तर पहिल्या मोठ्या उताराच्या तळाशी थांबा, मागे वळून चढ बघा आणि सगळ्यात लहान मूल दमल्यावर तो चढेल का, याचं उत्तर तिथेच ठरवा.

किती अंतर ठरवावं? किती वेळ लागेल?

मुलं स्वतः चालणार असतील तर जाऊन-येऊन साधारण असं धरा: तीन-चार वर्षांचं मूल २ ते ३ किलोमीटर, पाच ते सात वर्षांचं ४ ते ५, आठ ते दहा वर्षांचं ६ ते ८. नियमित चालणारी मुलं याहून बरंच जास्त चालतात, पण पहिल्या खेपेला हेच आकडे धरावेत.

वेळेसाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही चालतो: साधारण ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. हा हिशोब न थांबता चालणाऱ्या तंदुरुस्त प्रौढांचा आहे, म्हणून लहान मुलं बरोबर असतील तर येईल ते उत्तर दुप्पट करा. उदाहरणार्थ, एकूण ५ किलोमीटर आणि १२० मीटर चढाई: ६० मिनिटं अधिक १२ मिनिटं, म्हणजे ७२. दुप्पट केले की १४४. त्यात खाणं, फोटो आणि बुटांच्या नाड्या यांची ४० मिनिटं मिळवा. तीन तास झाले. ‘पाचच किलोमीटर तर आहे’ म्हणून दुपारी उशिरा निघालेली मंडळी अंधारात परततात ती याच हिशोबामुळे.

मागे कधी फिरायचं?

जागेवरून नाही, घड्याळावरून ठरवा. ‘त्या मनोऱ्यापर्यंत’ असं ठरवलं की मनोरा येईपर्यंत सगळे रेटत राहतात. हाताशी तीन तास असतील आणि परतीला चढ असेल, तर निघाल्यापासून सव्वा तासानं फिरा. परतीला उतार असेल तर दीड तास चालेल. ही वेळ निघण्याआधीच मुलांना सांगून ठेवा, म्हणजे वाटेत घासाघीस होत नाही.

वेळ व्हायची असली तरी फिरण्याचं कारण मिळू शकतं: निम्मं पाणी संपलं, कुणाच्या टाचेला चुरचुरायला लागलं, किंवा एरवी बडबड करणारं मूल गप्प झालं. रडणाऱ्या मुलापेक्षा गप्प झालेल्या मुलाकडे आधी बघा. ते बहुधा थंडीनं, उन्हानं किंवा भुकेनं मलूल झालेलं असतं.

पायथ्याशी हवा छान आहे, मग वर वेगळी का?

वाहती हवा डोंगराला अडते, वर ढकलली जाते आणि माथ्यावरून जाताना दाबली जाऊन वेग घेते. म्हणून पायथ्याला झुळूक असते तेव्हा धारेवर चांगलं वारं असतं. सगळ्यात जोराचा वारा खिंडीत लागतो, कारण दोन टेकाडांमधून तो तिथेच एकवटतो. विश्रांती खिंडीत घेऊ नका, टेकाडाच्या आडोशाला घ्या.

उंचीनुसार तापमान दर १०० मीटरला सरासरी ०.६५ अंशानं उतरतं. वाऱ्याचा परिणाम त्याहून मोठा: हवेचं तापमान ५ अंश असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला तर उघड्या कातडीला ते शून्य अंशासारखं लागतं.

अंदाज बघताना वाऱ्याच्या सरासरी वेगाबरोबर झोतांचा वेगही बघा. ताशी ४० च्या पुढे छत्री धरणं कठीण होतं, ५० च्या पुढे मोठ्यांनाही चालताना रेटा जाणवतो. लहान मुलं असतील तर ४० चे झोत सांगितलेल्या दिवशी धारेवर जाऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पाठीवरच्या कॅरिअरमध्ये बसलेल्या बाळाकडे खास लक्ष हवं. उचलणारा घामाघूम असतो, त्यामुळे त्याला थंडी वाजत नाही. बाळ मात्र हलत नसतं, आणि त्याचे लोंबते पाय वाऱ्यात गार पडत असतात. दर अर्ध्या तासाला बाळाच्या मानेमागे बोटं घालून बघा. तिथे गार लागलं तर लगेच एक थर वाढवा. तळहात थोडे गार असणं चालतं. पायांत पॅन्टवरून गुडघ्यापर्यंत येणारे लोकरी मोजे घातले की बाळ पायांनी चाळा करून ते सहजी काढू शकत नाही.

उन्हासाठी काय करावं?

धारेवर सावली जवळपास नसते आणि वाऱ्यामुळे कातडी भाजतेय हे कळत नाही. अतिनील किरणांची तीव्रता दर १००० मीटर उंचीला साधारण १० टक्क्यांनी वाढते, आणि पातळ ढगांनी ती फारशी अडत नाही. साधी खूण लक्षात ठेवा: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडत असेल तर ऊन कडक आहे.

एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन निघण्याआधी १५ ते ३० मिनिटं लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा. कान, मान आणि गुडघ्यांच्या मागची बाजू हमखास राहून जाते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हात नेऊच नये. त्याच्यासाठी क्रीमपेक्षा सावली आणि पूर्ण बाह्यांचे सैल कपडे.

बाबागाडीवर ओढणी किंवा दुपटं टाकून सावली करू नका. आतली हवा कोंडते आणि काही मिनिटांत आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच वर जातं. टपाला चिकटवायची छत्री लावा किंवा गाडीची दिशा बदला.

ढग गडगडायला लागले तर?

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. ३० सेकंद किंवा कमी, म्हणजे वीज १० किलोमीटरच्या आत आहे आणि तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. खरं तर गडगडाट ऐकू आला की मोजत न बसता निघालेलं बरं.

धार सोडून खाली उतरा. लोखंडी कठड्यापासून आणि तारेच्या कुंपणापासून लांब चाला, मनोऱ्याच्या आणि एकट्या झाडाच्या आसऱ्याला जाऊ नका. वाटेवरची चारही बाजूंनी उघडी छपरं पावसासाठी ठीक असतात, विजेपासून त्यांचा बचाव होत नाही. पक्की बंद इमारत किंवा काचा वर केलेली, धातूच्या टपाची गाडी सुरक्षित. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका.

बाबागाडी नेता येईल का?

येईल, पण कोणती गाडी आणि वाटेवर काय काय आडवं येतं, यावर अवलंबून आहे.

छोट्या, गरगर फिरणाऱ्या चाकांची घडीची गाडी धारेवर त्रास देते. काँक्रीटच्या दोन लाद्यांमधल्या सांध्यात पुढचं चाक अडकतं, गाडी जागच्या जागी थांबते आणि ढकलणारा तिच्यावर वाकतो. पाण्याच्या निचऱ्यासाठी टाकलेल्या लोखंडी जाळीतही हेच होतं. जाळी तिरकी ओलांडायची किंवा पुढची चाकं उचलून. हवा भरलेल्या, निदान १२ इंची चाकांची तीनचाकी गाडी असेल तर हा प्रश्न जवळपास उरत नाही.

उताराला हँडलचा पट्टा मनगटात अडकवलेलाच हवा. झोतानं टप वारा धरतो आणि हात सुटला की गाडी चालू लागते. थांबलात की ब्रेक लावा, तोही गाडी वाटेला आडवी करून, तोंड दरीकडे न ठेवता. हँडलला जड पिशवी लटकवू नका: चढाला गाडी मागे कलते आणि मूल उचललं की पूर्ण उलटते. सामान सीटच्या खाली.

निघण्याआधी तीन गोष्टींची चौकशी करा. दोन्ही टोकांना पायऱ्या आहेत का? गाड्या अडवायला रोवलेल्या खांबांमध्ये अंतर किती? जुळ्यांची शेजारी-शेजारी सीटची गाडी साधारण ७५ ते ८० सेंटिमीटर रुंद असते. आणि जनावरं अडवायला जमिनीत बसवलेल्या आडव्या नळ्या आहेत का? त्यावरून गाडी उचलूनच न्यावी लागते.

व्हीलचेअरसाठी वाट योग्य आहे हे कसं ओळखावं?

‘पक्की’ एवढा शब्द पुरेसा नाही. सलग चढ ५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे २० मीटरला १ मीटर, असावा. ८.३ टक्के, म्हणजे १२ ला १, ही बांधीव रॅम्पची मर्यादा मानतात, आणि तीही मध्ये सपाट थांबे असतील तर. सरासरीवर जाऊ नका: ३ किलोमीटरची सरासरी ३ टक्के असली तरी त्यातला ८० मीटरचा १२ टक्क्यांचा एक तुकडा सगळा बेत अडवतो.

वाटेचा आडवा कलही बघा. तो २ टक्क्यांहून जास्त असेल तर खुर्ची सतत उताराच्या बाजूला ओढली जाते आणि एकाच हातावर ताण येतो. रुंदी किमान ९० सेंटिमीटर, वळायला दीड मीटर, समोरून दुसरी खुर्ची येणार असेल तर १.८ मीटर. बॅटरीच्या खुर्चीची बॅटरी चढावर आणि थंडीत नेहमीपेक्षा लवकर संपते, म्हणून कंपनीनं सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावरच बेत आखा.

ट्रेकिंगचे बूट लागतील का?

लागत नाहीत. कठीण तळव्याचे उंच बूट डांबरावर उलट त्रासच देतात. सगळ्यात चांगले पळण्याचे, मऊ गादीचे आणि तळाला खाचा शिल्लक असलेले बूट. अंगठ्यापुढे एक बोटभर जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. नवे बूट घालून निघू नका. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि फोड आणतात. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे घ्या.

पक्क्या वाटेवर घसरायचं कसं, असं वाटतं. पण सगळ्यात जास्त लोक पडतात ते डांबरावर पसरलेल्या बारीक खडीमुळे, विशेषतः वळणावरच्या उताराला. पायाखाली गोट्या पसरल्यासारखं होतं. सावलीतल्या काँक्रीटवरचं शेवाळ, ओली पानं, रंगवलेले पट्टे आणि ओली लोखंडी जाळी या बाकीच्या जागा. तिथे पावलं आखूड टाका आणि अंगाचा भार पायाच्या बरोबर वर ठेवा.

पक्क्या वाटेवर पाय जास्त का दुखतात?

खडबडीत वाटेवर प्रत्येक पाऊल वेगळं पडतं, डांबरावर हजारो पावलं अगदी एकसारखी पडतात, त्यामुळे ताण त्याच स्नायूंवर आणि त्याच सांध्यांवर येत राहतो. कडेला मातीची पट्टी असेल तर अधूनमधून तिच्यावरून चाला. आणखी एक गोष्ट: पाणी वाहून जावं म्हणून डांबरी वाट मध्ये उंच आणि कडांना उतरती असते. जाता-येता तुम्ही कायम एकाच हाताला चाललात तर दोन्ही वेळा तोच पाय खाली पडतो. गर्दी नसेल तेव्हा थोडा वेळ बाजू बदला किंवा मधोमध चाला.

काठ्या वापरत असाल तर टोकांना रबरी बूच लावा. उघडं धातूचं टोक डांबरावर सटकतं. सपाटीवर कोपर काटकोनात येईल एवढी लांबी ठेवा, उताराला ५ ते १० सेंटिमीटर वाढवा. गुडघे दुखतात ते चढताना कमी आणि उतरताना जास्त, म्हणून ज्येष्ठांचा दम ओळखायचा असेल तर चढ नाही, उतार मोजा.

पाणी आणि खाणं किती घ्यावं?

मोठ्यांना उन्हात चालताना तासाला साधारण अर्धा लिटर, प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना पाव लिटरच्या आसपास. दोन मोठे आणि दोन मुलं, तीन तास: साडेचार लिटर. धारेवर झरा नसतो, कारण पाणी खाली उतरून जातं. नळ बहुतेक गाडीतळाशीच असतो. मुलं तहान लागली असं सांगत नाहीत, म्हणून दर २० मिनिटांनी चार घोट पाजायचेच.

खाऊ थोडा-थोडा आणि वारंवार. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे दाणे किंवा बदाम देऊ नका, आणि कुणालाही पळता-पळता खायला देऊ नका. घशात अडकण्याचे प्रकार असेच होतात.

मुलं कंटाळली तर?

सरळ, रुंद, एकसारखी वाट मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर कंटाळवाणी वाटते. देखावा त्यांना दहा मिनिटं पुरतो. त्यांना काम द्या: पुढचा मैलाचा दगड शोधणं, नकाशा हातात धरणं, शिट्टी सांभाळणं. दर ४० मिनिटांनी पाच-दहा मिनिटं थांबा, आणि थांबा संपला की सगळ्यात लहान मुलाला पुढे चालू द्या. रांगेचा वेग त्याचाच राहतो आणि मागे पडल्याचं दुःख त्याला होत नाही.

कठडा नसलेल्या जागी आणि सायकलींच्या वाटेवर काय काळजी घ्यावी?

मोठ्यांनी दरीच्या बाजूला, मुलांनी आतल्या बाजूला. फोटो काढताना मूल हाताशी असू द्या, कारण नेमकं तेव्हाच सगळ्यांचं लक्ष पडद्यावर असतं. कठड्यावर कुणालाही बसवू नका.

सायकली येणार असतील तर एकाच बाजूनं, दोघांपेक्षा जास्त शेजारी-शेजारी न चालता जा. घंटी वाजली की मुलं दोन दिशांना पळतात, हा खरा धोका. घंटी ऐकली की ‘जागेवर थांबा’ हे आधीच शिकवून ठेवा. थांबलेल्या मुलाला सायकलस्वार वळसा घालू शकतो. आंधळ्या वळणावर विश्रांती घेऊ नका. मुलांची स्कूटर उतारावर नको: तिचा ब्रेक अशा उतारासाठी केलेला नसतो.

कुत्र्याला नेता येईल का?

परवानगी असेल तर हो, दीड-दोन मीटरच्या दोरीवर. मात्र डांबराला हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. हात ठेववत नसेल तर पंजे भाजतील. त्याचं पाणी वेगळं घ्या.

शौचालयाचं काय?

निघण्याआधी सगळ्यांनी जाऊन या, कारण पुढे बहुतेक काहीच नसतं. वाटेत वेळ आलीच तर वाट आणि पाणी यांपासून निदान ६० मीटर लांब, १५ ते २० सेंटिमीटर खड्डा करून नंतर तो बुजवा. अरुंद धारेवर एवढी जागा मिळत नाही, म्हणून घट्ट बंद होणाऱ्या दोन पिशव्या बरोबर असाव्यात. डायपर, वेट वाइप्स आणि कागद परत न्यायचेच.

सॅकमध्ये आणखी काय असावं?

प्रत्येकासाठी वारारोधक जाकीट, फोडांसाठी चिकटपट्टी, लवचिक बँडेज, चिमटा, मुलासाठी कोरड्या मोज्यांचा जोड, विजेरी आणि शिट्टी. चिकटपट्टी फोड आल्यावर नव्हे, टाच चुरचुरायला लागताच लावा, तेव्हाच तिचा उपयोग. विजेरी दुपारच्या सहलीतही घ्या. फोनचा दिवा काही वेळ चालतो, पण मग फोन उरत नाही.

मदत लागली तर कशी मागायची?

नकाशा आधीच फोनवर उतरवून घ्या आणि कुठून कुठे जाताय, किती वाजता परत येणार, हे घरी कुणाला तरी सांगून निघा. ११२ हा क्रमांक अनेक देशांत चालतो, तरी तिथला क्रमांक आधी तपासून घ्या. फोन लागला की आधी ठिकाण सांगा: अक्षांश-रेखांश, नाहीतर जवळच्या खांबावरचा किंवा दगडावरचा आकडा. असे आकडे चालताना ओळीनं बघत गेलात तर ऐन वेळी शोधावे लागत नाहीत.

फोन लागत नसेल तर डोंगरातली आंतरराष्ट्रीय खूण वापरा: एका मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा विजेरीची उघडझाप, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. तीन शिट्ट्या ऐकू आल्या म्हणजे कुणीतरी उत्तर दिलं आहे. त्यानंतरही शिट्टी वाजवत राहा, कारण येणारे लोक आवाजाच्या दिशेनंच येत असतात.